गार इंजिनाला ताप

पन्हाळ्यावर गाडी सुरू न होणं ही कुणाची खासगी बाब राहत नाही. खाली कोल्हापुरात गाडी अडली तर मागचे हॉर्न वाजवतात. वर गडावर अडली तर मागचे उतरून येतात आणि बॉनेट उघडायला सांगतात. थंडीतल्या पहाटे धुकं इतकं दाट असतं की तीन दरवाजाच्या कमानीखाली उभं राहूनही कमान दिसत नाही, पण सेल्फचा लांबत गेलेला आवाज त्या धुक्यातूनही घरोघर पोहोचतो. चौथ्या सेल्फला पहिली खिडकी उघडते. सहाव्याला पहिला सल्लागार चपला शोधायला लागतो.

गुरुजींच्या गाडीने गेल्या थंडीत ही करमणूक दीड महिना फुकट पुरवली. गुरुजी म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. घर गडावर, थोडा ऊस पायथ्याच्या गावात, आणि दारात एमएच ०९ पासिंगची, वीस वर्षं उलटलेली छोटी गाडी. गाडीच्या पाठीवर 'एमपीएफआय' असा चकचकीत बिल्ला होता. त्यातलं शेवटचं अक्षर केव्हाच गळालं आहे. दुपारी ही गाडी किल्ली फिरवायचा अवकाश की सुरू. संध्याकाळी सुरू. पहाटे मात्र ढिम्म. सेल्फ फिरतोय, इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. आठ-दहा वेळा मारल्यावर एकदा खोकल्यासारखा आवाज, मग पुन्हा शांतता, आणि मग कधीतरी उपकार केल्यासारखी सुरू.

इंजेक्शनच्या त्या बिल्ल्याला एके काळी मोठा मान होता. १९९८ साली सँट्रो आली ती इंजेक्शनवालीच. पुढे १ एप्रिल २००० पासून देशभर प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि कार्बोरेटरचे दिवस भरले. कार्बोरेटर म्हणजे आजीचा स्वयंपाक: मीठ अंदाजाने, पण बहुतेक वेळा बरोबर. हवा आत ओढली गेली की तिच्याबरोबर पेट्रोल आपोआप ओढलं जायचं. सकाळी गाडी गारठली असेल तर माणूस चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. चोक किती ओढायचा, कधी सोडायचा, रेस किती धरायची ही ड्रायव्हरची कला होती आणि ती कला अंगात आहे म्हणून ड्रायव्हरला घरात किंमत होती. इंजेक्शन आलं आणि कारभार बदलला. टाकीतला विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर, आणि कुठल्या क्षणी किती मिलिसेकंद उघडायचं याचा हुकूम एक संगणक देतो. चोकची दांडी डॅशबोर्डवरून गेली. ड्रायव्हरला फक्त किल्ली फिरवायचं काम उरलं.

हे गडावरच्या सल्लागारांपर्यंत अजून नीट पोहोचलेलं नाही.

"चोक ओढा की गुरुजी," एसटीतून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले. गाडीला चोकच नाही म्हटल्यावर त्यांनी गाडीकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने शिक्षण अर्धवट सोडलंय. वडापवाल्याचं निदान पक्कं होतं. "पंप गेलाय. डोळं झाकून बदला." तिसऱ्याने "करंट येईना" असं सांगितलं. हे निदान तसं सगळ्यात सुरक्षित. ते गाडीला चालतं, विहिरीवरच्या मोटरला चालतं आणि टीव्हीच्या रिमोटलाही चालतं. एका मुलाने मोबाइलवर कुठल्याशा बर्फाळ देशातला व्हिडिओ काढून दाखवला, त्यात एक माणूस इंजिनाला ब्लँकेट गुंडाळत होता. कणसं भाजायची शेगडी घेऊन चाललेल्या मावशी तेवढ्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आदी पेट्रोल हाय का बगा." त्या सकाळच्या सगळ्या सल्ल्यांत शास्त्राला धरून असलेला सल्ला हाच.

सेल्फ या शब्दाबद्दल एक सांगायला हवं. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा 'सेल्फ स्टार्टर' बसवला. त्याआधी इंजिनाच्या नाकात लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावं लागे आणि इंजिन उलट फिरलं तर मनगट मोडे. मराठीने त्या यंत्राचं नाव घेताना पहिला शब्द ठेवला आणि दुसरा गाळला: 'सेल्फ मार'. गुरुजींच्या गाडीनेही नेमकं तेवढंच घेतलं होतं. सेल्फ होता. स्टार्ट नव्हतं.

पहिल्यांदा बॅटरी बदलली. जुनीला तीन वर्षं झालीच होती. नवी बसवल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. गुरुजींनी शेजाऱ्यांना चहा पाजला. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग प्लग बदलले. नव्या प्लगवर तीन दिवस छान गेले. मग वडापवाल्याचा डोळे झाकायचा सल्ला मानून गुरुजींनी डोळे झाकले आणि पंप बदलला, बरोबर पेट्रोलचा फिल्टरही. हा खर्च मोठा होता, त्यामुळे गुणही मोठा आला: गाडी तब्बल आठवडाभर शहाण्यासारखी वागली. आठव्या पहाटे चौथ्या सेल्फला पहिली खिडकी उघडली.

सकाळी कुरकुरणाऱ्या गाडीचा हाच खरा खट्याळपणा. ती कधीच पूर्ण बंद पडत नाही. पूर्ण बंद पडलेली गाडी प्रामाणिक असते. टोचन करून न्या, दोष तासाभरात सापडतो. ही मात्र प्रत्येक चुकीच्या दुरुस्तीला दोन-चार दिवस शाबासकी देते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि आपण कावळ्याचं बिल भरून येतो.

गुरुजींच्या हाती मग पन्हाळ्याचा जुनाच उपाय उरला. गाडी उताराला नाक करून लावायची. सकाळी हँडब्रेक सोडायचा, गाडीने वेग घेतला की दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडायचा. गडावर हे तंत्र लहान पोरालाही येतं, कारण उतार फुकट मिळतो. पण इंजेक्शनच्या गाडीला हा उपाय लावताना दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. एक, पंप किंवा संगणकच रुसला असेल तर खाली वाघबिळापर्यंत ढकलली तरी ती सुरू व्हायची नाही. उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि गाडी सुरू झाली की तिथे पेटून तो जाळतं, आणि तो भाग सेल्फपेक्षा कितीतरी महाग. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरती शिल्लक असते. तिसऱ्यांदा पाय दाबला की पेडल दगडासारखं लागतं. पॉवर स्टिअरिंगही तेव्हा पॉवर टाकून नुसतं स्टिअरिंग उरतं. अंगणासमोरच्या वीस पावलांच्या उतारावर ठीक. गडाच्या रस्त्याच्या वळणांवर हा खेळ करायचा नाही.

गडावर येणाऱ्या पर्यटकांच्या जुन्या गाड्यांचं दुखणं याच्या नेमकं उलट असतं, आणि ते बघायला तबक उद्यानाच्या बाजूला रविवारी दुपारी नुसतं उभं राहावं. सांगलीची किंवा बेळगावची गाडी वाघबिळापासून दुसऱ्या गियरमध्ये चढ चढत येते, एसी चालू, आत सात माणसं आणि एक मोठा डबा. वर पोहोचताच इंजिन बंद. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, हवा लागायची थांबते, आणि बॉनेटखालची उष्णता पुढची पंधरा-वीस मिनिटं वाढतच जाते. मंडळी झुणका-भाकर, खर्डा आणि मडक्यातलं दही खायला बसतात. भाकरी थापून, भाजून, खाऊन व्हायला पंचवीसएक मिनिटं लागतात. गाडी सुरू करायला ही सगळ्यात वाईट वेळ. इंजिनावरच्या नळीत पेट्रोल दाबाखाली असेल तर ते उकळत नाही. साधारण तीन बारचा दाब त्याला पातळ ठेवतो. पण जुन्या पंपातली झडप गळकी झाली की इंजिन थांबताच दाब उतरतो, तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी नुसता फुसका बार निघतो.

अशा वेळी मंडळी बॉनेट उघडून पाणी ओततात. हा उपाय फियाट आणि ॲम्बॅसिडरच्या काळातला. तेव्हा पंप इंजिनाला चिकटलेला असायचा आणि त्यावर ओलं फडकं टाकलं की खरंच गुण यायचा. आता पंप मागच्या सीटखाली, टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला. पुढे ओतलेलं पाणी कॉइलवर आणि प्लगच्या तारांवर पडतं, आणि एक दुखणं होतं तिथे दोन होतात. त्यापेक्षा किल्ली सेल्फपर्यंत न नेता नुसती 'ऑन' करावी, दोन-तीन सेकंद थांबावं, बंद करावी, पुन्हा ऑन करावी. असं तीनदा केलं की दर वेळी पंप दोन सेकंद चालतो, दाब भरतो, वाफ मागे हटते. चौथ्यांदा सेल्फ मारावा. हे पाहणाऱ्याला जप केल्यासारखं वाटतं. वाटू द्यावं.

टाकीतल्या पंपाची पन्हाळ्याला तरी नवलाई वाटायला नको. गडावरची अंधार बाव पाहिली असेल तर ही कल्पना लगेच कळते. वरून इमारत, खालच्या मजल्यांत पाणी, शत्रूच्या हाताला ते लागू नये म्हणून केलेली सोय. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता. गडाला पाणी कुठून मिळतं हे बाहेरच्याला कळून चालत नव्हतं. पंपही तसाच आत दडवलेला आणि भोवतीच्या पेट्रोलनेच गार राहणारा. म्हणून टाकी कायम तळाला ठेवून शंभर-शंभरचं पेट्रोल भरणाऱ्याचा पंप लवकर जातो. उघड्या पडलेल्या विहिरीत मोटर जळते, तसंच.

गुरुजींच्या प्रकरणात पुढचा आरोपी ठरलं इथेनॉल. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाडीच्या कुठल्याही कुरबुरीला ते जबाबदार धरण्याची पद्धत पडली आहे. आरोप अगदी निराधार नाही. इथेनॉलची वाफ करायला पेट्रोलच्या मानाने दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार इंजिनात ते लवकर पेट घेत नाही. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांत तर थंड सकाळी सुरुवात करून द्यायला बॉनेटखाली पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असायची. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या टाकीतला गाळ सोडवून फिल्टरकडे पाठवतं. पण गुरुजींना हा आरोप मोठ्याने करता येईना. वारणानगरचा आणि आसुर्ले-पोर्ल्याचा असे दोन साखर कारखाने पन्हाळा तालुक्यातच आहेत, गुरुजींचा ऊस दर हंगामात कारखान्याला जातो, आणि बिल वेळेवर यावं म्हणून ते देवाला नारळही बोलतात. आपल्याच उसाने आपलीच गाडी अडवली असं म्हणायचं तरी कुणाला? आणि २० टक्क्यांच्या पेट्रोलवर गडावरच्या इतर जुन्या गाड्या पहाटे सुरू होतच होत्या.

शेवटी गाडी खाली गेली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री आणि ऑइल इंजिन यांच्यावर पिढ्या वाढल्या आहेत. इथल्या माणसासमोर यंत्राचा तोरा चालत नाही. तिथला एक मिस्त्री गुरुजींचा जुना विद्यार्थी. सकाळी अकराच्या उन्हात गुरुजींनी त्याच्यासमोर किल्ली फिरवली आणि गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली. डॉक्टरला बघून तापलेलं पोर खेळायला लागतं, तशी.

"कवा सुरू होत न्हाई गुरुजी?"

"सकाळी."

"रोज सकाळी?"

"रोज नाही. कधी कधी."

"कदी कदी म्हंजे कवा?"

गुरुजींना उत्तर येईना. मग त्याने रात्रभर उभी राहिल्यावर का दोन तासांनी, गारठ्यात का पावसात, टाकी भरलेली असताना का तळाला, सुरू झाल्यावर काळा धूर येतो का, असे सात-आठ प्रश्न विचारले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या माणसाने एकाचंही धड उत्तर दिलं नाही. "गुरुजी, गृहपाठ करून या," मिस्त्री म्हणाला, आणि जीभ चावली.

दीड महिन्यात गुरुजींना बॅटरी विकणाऱ्याने, प्लग बदलणाऱ्याने, पंप बसवणाऱ्याने आणि धुक्यातल्या अर्धा डझन सल्लागारांनी उत्तरं दिली होती. 'कधी?' असं विचारणारा हा पहिलाच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी पाठवायचा नसेल तर आधी आग कुठे लागली ते विचारावं लागतं, आणि गडावर सोमेश्वर तलाव असल्यामुळे बंब तिकडे पाठवायचा मोह जरा जास्तच होतो.

गृहपाठ तयार होता. तो गुरुजींनी केलेला नव्हता. स्वयंपाकघरात दाराशेजारी कालनिर्णय टांगलेलं, त्यातल्या प्रत्येक चौकोनात गुरुजींच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, अक्षरात दुधाचा हिशोब: दीड, दीड, एक, खाडा. आणि काही चौकोनांत त्याखाली बारीक अक्षरात 'गाडी नाही'. गुरुजी गाडीने दूध आणायला निघत. गाडी सुरू झाली नाही की दूध उशिरा येई, म्हणून ही नोंद. काकूंना इंजिनाशी काही घेणं नव्हतं. त्यांचं भांडण दुधाशी होतं.

गुरुजी नोव्हेंबर-डिसेंबरची ती पानं खाली घेऊन गेले आणि मिस्त्रीने ती समोर घेतली. बॅटरी बदलल्यानंतरचे चार दिवस कोरे. प्लगनंतरचे तीन कोरे. पंपानंतरचा आठवडा कोरा. "ह्या दिवसांत हवा कशी हुती?" त्याने काकूंना फोनवर विचारलं. काकूंना दिवस आठवले नाहीत, पण कपडे आठवले. त्या आठवड्यात आभाळ भरून होतं, वाळत घातलेली चादर दोन दिवस ओलीच. आधीच्या चार दिवसांतही तसंच. थंडीत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की त्याचं आभाळ कोल्हापूरपर्यंत येतं आणि ढगाळ रात्री उबदार जातात. पंप बदलल्याचं श्रेय खरं तर बंगालच्या उपसागराचं होतं. बिल मात्र गुरुजींनी इकडे भरलं.

"गार रात्र, गाडी न्हाई. आभाळ, गाडी हाय," मिस्त्री म्हणाला. "आनि हितं खाली मला ती कदीच दिसायची न्हाई. मी वर येतो."

तो खरंच आला. दोन दिवसांनी पहाटे सहाला, मोटारसायकलवरून, कानटोपी घालून. शेजारच्या तीन खिडक्या आधीच उघड्या होत्या.

त्याने पहिली पाच मिनिटं बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर ओणवा होऊन कान लावला आणि गुरुजींना किल्ली नुसती ऑन करायला सांगितली. 'झूंऽऽ' असा बारीक आवाज आला आणि दोन सेकंदांत थांबला. पंप ठीक. तो थांबतो तेही ठीक: इंजिन फिरत नाही असं दिसलं की संगणक पंप बंद करतो, नाहीतर अपघातात नळी तुटली तर पेट्रोल वाहतच राहील. मग पुढे दाबाचा मीटर लावला. तीनच्या आसपास, आणि दहा मिनिटं हलला नाही. सेल्फ मारताना मल्टिमीटर बॅटरीला लावला. व्होल्ट दहाच्या खाली गेले नाहीत. म्हणजे ताकद आहे, पेट्रोल दारापर्यंत आलेलं आहे. ठिणगी पाहिली. निळी, टणक. मग दहा सेकंद सेल्फ मारून एक प्लग काढला आणि नाकाशी नेला. कोरडा. पेट्रोलचा वासही नाही.

ही खूण महत्त्वाची. प्लग भिजलेला असता तर पेट्रोल जास्त होतंय, इंजेक्टर गळतोय. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, कारण तसं केलं की बहुतेक संगणक इंजेक्टर बंद ठेवतात आणि इंजिन कोरडं होतं. इथे उलट होतं. त्याने हवेच्या नळीत क्लीनरचा एक फवारा मारला, गुरुजींनी सेल्फ मारला, इंजिन दोनदा धडधडलं आणि थांबलं. म्हणजे भूक लागली आहे आणि ताटात वाढलं जात नाही. वाढपी ठीक, कोठी भरलेली. मग कमी वाढायचा हुकूम कोण देतंय?

मिस्त्रीने स्कॅनर जोडला. काचेवर दव, गुरुजींच्या तोंडातून वाफ, गडाच्या तटासारखं गार पडलेलं इंजिन. आणि स्कॅनरच्या पडद्यावर इंजिनातल्या पाण्याचं तापमान: ८४ अंश.

संगणकाच्या हिशोबाने गाडी आत्ताच घाट चढून आली होती.

चोकची दांडी गेल्यापासून गारठा किती आहे हे संगणकाला सांगायचं काम एका बोटभर सेन्सरकडे आहे. थर्मोस्टॅटजवळ पाण्यात बुडालेला, दोन तारांचा. गार असला की त्याचा विद्युत विरोध वाढतो, तापला की उतरतो. पाणी २० अंशांना असताना साधारण अडीच हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास. त्या आकड्यावरून संगणक ठरवतो की सकाळी पेट्रोल किती जास्त सोडायचं, कारण गार सिलिंडरमध्ये बरंचसं पेट्रोल भिंतींना चिकटून राहतं, वाफ होत नाही. गुरुजींचा सेन्सर आत ओल शिरून कायमचा तापलेला झाला होता. इंजिन गार, पण सांगणाऱ्याला ताप. संगणक बिचारा तापलेल्या इंजिनाला पुरेल एवढंच पेट्रोल देत होता. दुपारी आणि ढगाळ सकाळी तेवढ्यावर भागायचं. गार पहाटे भागायचं नाही.

"मग तो चेक इंजिनचा दिवा का लागला नाही?" गुरुजींनी विचारलं. प्रश्न चांगला होता. सेन्सरची तार तुटली असती तर आकडा उणे ४० दिसला असता. पन्हाळ्यावर उणे ४० अंश असणं संगणकालाही पटत नाही, त्याने दिवा लावला असता. पण ८४ हा अत्यंत सभ्य आकडा आहे. मुक्या सेन्सरची तक्रार नोंदली जाते. खोटं बोलणाऱ्याची होत नाही.

मिस्त्रीने सेन्सरचा प्लग काढून दोन पिनांना मल्टिमीटर लावला. तीनशेच्या आत. मग खिशातून आगपेटीच्या काडीएवढा एक रेझिस्टर काढला, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेला, २.७ किलोओहमचा. तो तारांच्या टोकांत खोवला. म्हणजे संगणकाच्या कानात कुणीतरी पहिल्यांदाच खरं सांगितलं: बाबा, बाहेर गारठा आहे.

गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. शेजारचे एसटीवाले खिडकीतून म्हणाले, "मी चोकच म्हणत होतो." एका अर्थी ते बरोबर होते.

"हेच राहू दे की मग," रेझिस्टरची किंमत ऐकून गुरुजी म्हणाले.

"आन घाटात? तवाबी तिला थंडीच वाजंल गुरुजी. पेट्रोल मागत बसंल."

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी खालून आला, काही शे रुपयांचा. बसवायला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा पाण्यातली हवा काढण्यात गेली. मिस्त्रीने मजुरी घ्यायला नकार दिला आणि काकूंनी केलेले पोहे दोनदा घेतले. गुरुजी गाडी अजूनही उताराला नाक करूनच लावतात. कालनिर्णयच्या पुढच्या चौकोनांत फक्त दुधाचा हिशोब आहे.